अनुदान मिळाले, वीज जातेच: फोंडा तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा काजू कारखाना. वसाहतीचे नाव देत नाही, माणसांचीही नाही, आणि आकडे थोडे गोल केले आहेत. कारखाना वडिलांनी उभा केला. आता थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी मिळून चालवतात. कामगार त्यांना दादा आणि ताई म्हणतात, वडिलांना बाबा. मीही तसेच म्हणेन. माझा या घराशी संबंध कागदापुरता. बँकेसाठी प्रकल्प अहवाल तयार करणे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरणे हा माझा व्यवसाय. अनुदानावर माझेही पोट चालते, तेव्हा पुढे अनुदानाबद्दल जे म्हणणार आहे ते त्या हिशेबाने वाचावे.

काजूच्या कारखान्यात वीज कुठे लागते हे आधी सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते. मार्च ते मे बागायतदारांकडून बी घ्यायची. ती कमी पडली तर आफ्रिकेतून मंगळूरला उतरलेली बी व्यापाऱ्याकडून आणायची. बी वाळवून साठवली की वर्षभर काम चालते. वाफवण्यासाठी बॉयलर आहे आणि तो काजूच्या टरफलांवरच चालतो, म्हणजे ते इंधन घरचे. त्यानंतर मात्र सगळे विजेवर: कटिंगची यंत्रे, गर सुकवायचा ड्रायर, हवेच्या दाबाने साल उडवणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर, शेवटी व्हॅक्यूम पॅकिंग. ग्रेडिंग अजूनही हातानेच होते. तिथे बसणाऱ्या बायकांची नजर अशी की सॉर्टिंगचे यंत्र विकायला आलेला माणूस अर्ध्या तासात बॅग आवरून गेला.

महिन्याला पाच ते आठ हजार युनिटे. स्थिर आकार धरून युनिटला साडेपाच रुपयांच्या आसपास पडत. शेजारच्या महाराष्ट्रातल्या कारखानदाराला हा दर ऐकवला तर तो हेवा करेल. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. कोरबा, विंध्याचल अशा बाहेरच्या केंद्रांतून वाट्याची वीज येते आणि संयुक्त वीज नियामक आयोग दर ठरवतो. दर कमी आहे ही चांगली गोष्ट, पण त्याचा एक परिणाम सहसा कोणी मोजत नाही. वीज जितकी स्वस्त, तितके सौर पॅनलचे पैसे उशिरा वसूल होतात.

अडचण

कुटुंबात अडचणी दोन होत्या आणि घरातल्या दोघांना वेगवेगळ्या दिसत होत्या.

दादांना बिल दिसत होते. महिन्याला तीस-चाळीस हजार. त्यांच्या मते नफ्यातला सगळ्यांत सहज वाचवता येण्यासारखा पैसा तोच.

ताईंना तुकडा दिसत होता. पाऊस सुरू झाला की कुठेतरी फांदी तारेवर येते आणि वसाहतीची वीज जाते. कधी दहा मिनिटे, कधी तीन तास. ड्रायरमध्ये गर अर्धवट सुकलेला असतो. जनरेटर आहे, पण तो सुरू करून लोड चढवेपर्यंत ड्रायरचे तापमान उतरते, मग पुन्हा चढते. या चढउतारात गर ठिसूळ होतो, साल काढताना फुटतो किंवा डागाळतो. अख्ख्या ३२० नंबरच्या गराला मिळणारा भाव तुकड्याला मिळत नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ताईंच्या डोक्यात स्वतःच्या नावाच्या पाकिटाचा विचार होता. पाकिटात तुकडे चालत नाहीत.

जनरेटर ६२.५ केव्हीएचा. तासाला नऊएक लिटर डिझेल, वर्षाला सुमारे दीडशे तास. म्हणजे सव्वा लाखाच्या जरा आत. हा आकडा दादांच्या वहीत होता. तुकड्याचा आकडा कुणाच्याच वहीत नव्हता. ताई अंदाजाने वर्षाला दीड लाख म्हणायच्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दादा एका बैठकीहून परतले ते उत्साहात. छतावरच्या सौर संचासाठी राज्याच्या एका योजनेतून मान्य खर्चाच्या चौथ्या हिश्श्याइतके भांडवली अनुदान मिळणार होते. केंद्राचे छतावरच्या सौरऊर्जेचे अनुदान घरांसाठी असते, कारखान्यांना नाही. त्यामुळे ही संधी सोडायची नाही असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. मला फोन आला तो प्रश्न म्हणून आला नाही. “अहवाल कधी देता?” एवढेच.

बाबांचा आक्षेप

बाबा कारखान्यात रोज येतात, पण बोलतात कमी. अनुदानाचे ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, “सरकार देतंय तेव्हा आनंदाने घ्या. परत मागेल तेव्हा माझ्याकडे येऊ नका.”

त्यांच्या बोलण्यामागे गोव्याचाच इतिहास होता. १९९१ साली राज्याने उद्योगांना आकर्षित करण्यासाठी वीजदरात २५ टक्के सूट जाहीर केली, पाच वर्षांसाठी. ती १९९५ मध्ये मागे घेतली. १९९६ मध्ये सूट पुन्हा देणाऱ्या नव्या अधिसूचना निघाल्या. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि वित्त खात्याची संमती नसताना त्या काढल्या म्हणून पुढे उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. २००२ साली विधानसभेने कायदाच केला: यापुढची सूट देणे बंद आणि दिलेली सूट वसूल करायची. उद्योग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१० मध्ये तो कायदा वैध ठरला. एकोणीस वर्षे. ज्यांनी सूट गृहीत धरून मालाचे भाव ठरवले होते, त्यांनी मधल्या काळात तो माल कधीच विकून टाकला होता.

दादांना हे जुने रडगाणे वाटले. मला तसे वाटले नाही, पण त्या दिवशी मीही गप्प बसलो. बाबांचा मुद्दा सरकारवर विश्वास ठेवावा की नाही एवढाच नव्हता. अनुदान म्हणजे एक करार असतो, त्याची एक बाजू पाच वर्षांनी बदलू शकते आणि दुसरी बाजू तोवर पैसे खर्चून बसलेली असते, असे ते सांगत होते.

समोरचे पर्याय

कागदावर चार पर्याय होते. पहिला, काहीच न करता जनरेटर आपोआप सुरू करणारे नियंत्रण-पॅनेल बसवणे. खर्च थोडा, पण डिझेल तेवढेच. दुसरा, एखाद्या कंपनीला छत देऊन तिच्याकडून युनिटच्या दराने वीज घेणे. दोन कंपन्यांशी बोललो. गोव्यातला दर ऐकून दोघींचा रस संपला.

उरले दोन. त्यांतला एक म्हणजे ५० किलोवॅटचा साधा संच: २४.५ लाख, शिवाय जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे टाकायला ३ लाख. आमच्या भागात किलोवॅटमागे वर्षाला तेराशेच्या आसपास युनिटे धरली, पावसाचे महिने वजा करूनच. म्हणजे ६६ हजार युनिटे. स्थिर आकार वाचत नाही, फक्त ऊर्जा आकार वाचतो. त्या हिशेबाने वर्षाला ३ लाख. अनुदानाशिवाय नऊ वर्षांत पैसे वसूल, अपेक्षित ५.२५ लाख मिळाले तर सव्वासात वर्षांत.

दुसरा पर्याय सुचवला तो मडगावच्या एका तरुण विद्युत अभियंत्याने. ३० किलोवॅटचे पॅनल, हायब्रिड म्हणजे बॅटरी जोडता येणारा इन्व्हर्टर आणि ४० युनिटे साठवणारी लिथियम बॅटरी. वीज गेली की ड्रायर आणि कॉम्प्रेसर पापणी न लवता बॅटरीवर जातील, दोन-अडीच तास निघतील. खर्च पॅनलचे १६ लाख, बॅटरीचे साडेदहा, छताचे दोन, मिळून २८.५ लाख. म्हणजे दोन्ही पर्यायांत फरक फक्त एक लाखाचा.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर स्वतः बंद होतो. तसा नियमच आहे, नाहीतर लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. तेव्हा ५० किलोवॅट डोक्यावर असले आणि कडक ऊन पडले असले, तरी वीज गेली की कारखाना अंधारात. हे त्याने स्पष्ट सांगितले होते, लपवले नव्हते. आम्ही ते ऐकून सोडून दिले.

निर्णयाचे वळण

बॅटरीचा पर्याय का पडला, हे नीट लिहायला हवे, कारण तिथे माझाही वाटा आहे.

योजनेत अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर होते. बॅटरी त्यात बसते का, असे विचारले तेव्हा ‘ती फाईल वेगळी होईल’ असे तोंडी उत्तर मिळाले. वेगळी फाईल म्हणजे काय हे ज्याने सरकारी कामे केली आहेत त्याला सांगावे लागत नाही. पॅनल ५० वरून ३० वर आणले तर अनुदान पावणेदोन लाखांनी कमी होत होते.

मग बँक. मी अहवालात दोन्ही पर्यायांची तुलना केली. बॅटरीच्या पर्यायात वर्षाची बचत अशी: वीज १.८४ लाख, डिझेल ८० हजार. मिळून २.६४ लाख, म्हणजे अनुदान धरूनही पैसे वसूल व्हायला साडेनऊ वर्षे. साध्या संचाची सव्वासात. तक्ता बघून बँकेच्या अधिकाऱ्याने जे म्हटले असते तेच दादांनी आधी म्हटले.

तुकड्याचे दीड लाख मी तक्त्यात धरलेच नाहीत. कारण त्याची नोंद नव्हती, आणि नोंद नसलेला आकडा बँक मानत नाही. ते धरले असते तर बॅटरीच्या पर्यायाचे पैसे सहा वर्षांत वसूल होत होते. अनुदानाचा एक रुपयाही न मिळता सातच्या आत. ताईंनी बैठकीत विचारले होते, “आणि तुकड्याचं काय?” मी म्हणालो, “ते सिद्ध करता येत नाही.” हे वाक्य बरोबर होते आणि सल्ला म्हणून चुकीचे होते. महिनाभर प्रत्येक घाण्यातला तुकडा तोलून वीज गेल्याच्या वेळेशी जुळवला असता तर सिद्ध झाले असते. एक वजनकाटा आणि एक वही, एवढेच लागले असते.

पण जानेवारीत अर्ज भरायची घाई होती. योजनेची अट अशी की मंजुरीपूर्वी केलेला खर्च धरला जाणार नाही. म्हणजे आधी अर्ज, मग पत्र, मग ऑर्डर. आम्ही ५० किलोवॅटचा अर्ज भरला.

याच काळात ताईंनी एक छोटा निर्णय एकट्याने घेतला. पणजी-मडगावच्या दुकानांना पाकिटे पोचवायला विजेवर चालणारी तीनचाकी मालगाडी. विजेवरच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपणार होती, विक्रेत्याने तसे सांगितलेच. तिथे अनुदान बिलातच वजा होऊन आले. सरकारकडून ते मागायचे काम उत्पादक कंपनीचे. चौकशीपासून किल्ली हातात येईपर्यंत जेमतेम आठवडा. फर्मागुडीच्या चढावर भरलेली गाडी जरा कण्हते, बाकी तक्रार नाही. ही पद्धत ग्राहकाला सोपी, सरकारला मात्र सोपी नाही. देशी सुट्या भागांची अट न पाळता काही दुचाकी कंपन्यांनी याच योजनेतून पैसे उचलल्याचे २०२३ मध्ये बाहेर आले आणि केंद्राला वसुलीच्या मागे लागावे लागले. तपासणी कुठेतरी करावीच लागते. ती कारखानदाराच्या दारात होते की कंपनीच्या, एवढाच फरक.

प्रत्यक्षात काय घडले

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. गोव्यात मतदान ७ मे ला झाले, आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती. फाईल जागची हलली नाही. १ एप्रिलपासून मान्यताप्राप्त यादीतलेच पॅनल वापरण्याची केंद्राची अट पुन्हा लागू झाली, तेव्हा जुने दरपत्रक रद्द. मंजुरीचे पत्र ऑगस्टमध्ये आले. ऑगस्टमध्ये पत्रे कोण काढणार? मग चतुर्थी. चतुर्थीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस गोव्यात फिटर शोधणे म्हणजे अमावास्येला चंद्र शोधणे. छताचे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाले, पॅनल डिसेंबरात चढले, दुहेरी मोजणीचा मीटर जानेवारी २०२५ मध्ये बसला.

फेब्रुवारीत अनुदानाचा दावा दाखल केला. एक शंका आली, ती निस्तरली. पाहणी पावसात झाली. पैसे नोव्हेंबरात जमा झाले, ४.३८ लाख. ५.२५ का नाहीत? छताचा खर्च धरला गेला नाही आणि किलोवॅटमागचा मान्य दर आमच्या बिलापेक्षा कमी होता. अटींत ते होतेच.

दादा वसाहतीत सगळ्यांना सांगतात की सरकारी दिरंगाईने माझे दोन लाख गेले. मी हिशेब केला. एप्रिल २०२४ ते डिसेंबर पॅनल चालले असते तर ४५ हजार युनिटे, म्हणजे २.०७ लाख वाचले असते, हे खरे. पण त्या नऊ महिन्यांत साडेवीस लाखांच्या कर्जाचे दहा टक्क्यांनी दीड लाख व्याजही भरावे लागले असते. अनुदान येईपर्यंत तेवढ्या रकमेचे व्याज म्हणून चव्वेचाळीस हजार गेले. उलट जगभर पॅनलचे भाव पडत होते, त्यामुळे नवे दरपत्रक १.२ लाखाने कमी आले. सगळी बेरीज-वजाबाकी केली तर वाट पाहण्यात दादांचे काहीच गेले नाही, उलट थोडे सुटलेच. मी हे त्यांना दाखवले. ते म्हणाले, “मनस्ताप कुठं धरलात?” तो नाही धरला.

पहिल्या वर्षी, २०२५ मध्ये, ६३ हजार युनिटे तयार झाली. अपेक्षेच्या जवळच. ऐन पावसात उत्पादन निम्म्याच्या खाली गेले, पण ते अपेक्षित होते. बिल खरोखर उतरले. जनरेटर १४० तास चालला.

जून २०२५ मधली एक दुपार मला आठवते. पाऊस थांबून लख्ख ऊन पडले होते, आणि कुठेतरी लांबवर झाड पडल्यामुळे वीज गेली होती. छतावर ५० किलोवॅट चमकत होते, खाली जनरेटर धूर ओकत होता. ड्रायरपाशी उभ्या असलेल्या ताईंनी माझ्याकडे नुसते पाहिले.

सरकारने पैसे द्यावेत का, या प्रश्नाकडे

या प्रकरणातून ‘अनुदान वाईट’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो मान्य नाही. सौर पॅनल आज दादांच्या आवाक्यात आले तेच मुळात दुसऱ्यांनी दिलेल्या अनुदानामुळे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षांचा चढा दर बांधून दिला. त्या मागणीवर आधी जर्मन, मग चिनी कारखाने मोठे झाले आणि भाव कोसळले. भारतात २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात युनिटला ११-१२ रुपये बोली लागली होती. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २.४४ रुपये. जर्मन ग्राहकाने वीजबिलातून भरलेले पैसे फोंड्याच्या छतावर उतरले, असे म्हटले तरी चालेल.

बुडण्याची भीती दाखवणारे अमेरिकेच्या सोलिंड्राचे नाव घेतात. ५३.५ कोटी डॉलरचे सरकारी हमीचे कर्ज मिळालेली ही सौर कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या त्याच ऊर्जा खात्याने त्याच सुमारास टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर दिले होते. ते २०१३ मध्ये मुदतीआधी परत आले. नव्या तंत्रात सरकारने पैसे घालायचे तर काही बुडणारच. बागायतदार शंभर कलमे लावतो तेव्हा शंभर जगतील असे धरत नाही.

प्रश्न असा, की तंत्र तरुण असताना द्यायचे पैसे ते प्रौढ झाल्यावरही का द्यायचे. २०२४ मध्ये साधा सौर संच हे नवे तंत्र उरले नव्हते. कर्ज सहज मिळत होते, बसवणारे गल्लोगल्ली होते. आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा आहे, २०१७ पर्यंत तो ८० होता. तीही सवलतच, कर पुढे ढकलणारी. आणि ती नफा कमावणाऱ्यालाच मिळते. शिवाय तेव्हा परदेशी पॅनलवर ४० टक्के सीमाशुल्क लावून देशी उत्पादकाला संरक्षण. म्हणजे एका हाताने पॅनल महाग करायचे आणि दुसऱ्या हाताने त्या महागाईवर अनुदान द्यायचे. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून हे मुद्दाम केलेले आहे, त्याचा मला राग नाही. पण मग ४.३८ लाखांतले काही दादांना मिळाले आणि काही त्यांच्या हातून पॅनलवाल्याला, हे मान्य करावे.

बॅटरी मात्र खरोखर नवी होती. कारखान्याच्या मापाची, छोटी, वीज गेल्यावर धंदा चालू ठेवणारी. तिला कुणीच हात दिला नाही. केंद्राने २०२१ मध्ये बॅटरी सेलच्या उत्पादनाला १८,१०० कोटींची उत्पादनाधारित योजना आणली, ५० गिगावॅट-तास क्षमतेसाठी. तिची रचना मला आवडते, कारण माल बनवून विकला तरच पैसे. पण ती मोठ्यांसाठी, आणि तिचा लाभ वसाहतीतल्या ड्रायरपर्यंत झिरपायला वर्षे लागणार.

इथे एक बाजूची गोष्ट. ग्रेडिंगच्या खोलीतल्या एका बाईने मला विचारले की आमच्या घरावर असे पॅनल फुकट बसवतात म्हणे, कसे मिळते? पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरासाठी तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये मिळतात, हे मी सांगितले. मग कागद विचारले. त्या मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या. घर त्यांचे, आजेसासऱ्यांच्या काळापासून, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि मुंडकारीचा खटला अजून मामलेदाराकडे. वीजजोडणी नावावर आहे, छताचा हक्क कागदावर नाही. शिवाय त्यांचे बिल एवढे कमी की पॅनलने वाचणार तरी काय? अनुदान ज्याच्याकडे छत त्याच्याकडे जाते. दादांकडे साडेतीनशे चौरस मीटर छत होते.

काय वेगळे करता आले असते

कारखान्याच्या बाजूने पाहिले तर चूक अर्ज भरण्यात नव्हती, अर्ज आधी हातात घेण्यात होती. योजनेचा फॉर्म समोर आला आणि त्यात जो रकाना होता तोच आमचा प्रश्न झाला. फॉर्ममध्ये ‘किलोवॅट’ होते, ‘खंडित तास’ नव्हते. आधी महिनाभर तुकडा तोलून, वीज कधी आणि किती वेळ जाते हे लिहून, मग कोणते यंत्र लागते ते ठरवून, शेवटी त्यातल्या कशाला अनुदान मिळते ते बघायला हवे होते. आम्ही बरोबर उलट्या क्रमाने गेलो. निदान इन्व्हर्टर हायब्रिड घेतला असता तर बॅटरी नंतर सहज जोडता आली असती. फरक दोनेक लाखांचा होता. मान्य दरात तो बसत नव्हता म्हणून सोडला.

माझ्या बाजूने: मी आता अहवालात ‘सिद्ध न करता येणारे’ असा वेगळा तक्ता जोडतो. बँक तो वाचत नाही. मालकाने वाचावा म्हणून असतो.

सरकारच्या बाजूने माझे म्हणणे मोठे नाही. यंत्राचे नाव घालून पैसे देण्यापेक्षा कामाचे नाव घालावे. ‘वीज गेल्यावर इतके तास उत्पादन चालू राहिले’ याला पैसे द्या. मग ते बॅटरीने करा, टरफलांच्या वाफेवर छोटे टर्बाइन लावून करा, नाहीतर वसाहतीतल्या दहा जणांनी मिळून करा. तपासणी अवघड होईल, हे खरे. पण मीटर आता सगळे नोंदवतात. दुसरे, योजना बंद होण्याची तारीख सुरू होतानाच सांगावी आणि दरवर्षी रक्कम ठरल्याप्रमाणे उतरावी. बाबांच्या पिढीने सोसले ते सूट संपल्यामुळे नाही. ती संपली, पुन्हा आली आणि मग मागे जाऊन संपली, यामुळे. आणि जिथे अनुदान नकोच आहे तिथे मीटर महिन्याभरात बसवून द्यावा. दादांना ४.३८ लाखांऐवजी वेळेवर मीटर आणि वसाहतीत भूमिगत केबल दिली असती तर दोघे भाऊबहीण एकाच वेळी खूश झाले असते. केबलचा खर्च अनुदानांच्या बेरजेहून जास्त असेल, हे मला ठाऊक आहे. पण ती सगळ्यांची असते. छत नसलेल्यांचीही.

सध्याची स्थिती

बॅटरीचे भाव उतरले आहेत. त्याच अभियंत्याने तेवढ्याच क्षमतेचे नवे दरपत्रक दिले, ते पहिल्यापेक्षा बरेच खाली आहे. इन्व्हर्टर बदलायचे पैसे मात्र जादा. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर यंत्रणेवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा दादा आठवडाभर हळहळत होते, आणखी थोडे थांबलो असतो तर म्हणून. आता वसाहतीत चर्चा आहे की साठवणुकीसाठीही काहीतरी योजना येणार. दादांचे मत, मार्चपर्यंत वाट बघू.

ताईंनी ऑक्टोबरपासून वही ठेवली आहे. घाणा नंबर, वीज गेल्याची वेळ, तुकडा किती किलो. मला त्यांनी ती दाखवली, सल्ला विचारला नाही. परवा फोन करून सांगितले की ॲडव्हान्स दिला.